अजून लोड होतंय

दादाचा लॅपटॉप उघडला. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही असं समजा, कारण आमच्या चऱ्होलीच्या घरात तो अजून पूर्ण उघडलेला नाही.

दादा, म्हणजे रणजीत, चाकणला एका कंपनीत गाड्यांचे बंपर डिझाइन करायचा. मार्चमध्ये एका ट्रेलरनं त्याची बाइक आणि मोबाइल एकाच फटक्यात निकालात काढले. तिसरं जे गेलं त्यावर मी विनोद करणार नाही.

उरला लॅपटॉप. चालू केला की आधी पासवर्ड मागायचा. तो दिल्याशिवाय डिस्कवरचं एक अक्षर वाचता येणार नाही, असं कुलूप दादानंच लावलेलं. आईला आतलं बाकी काही नको होतं. "त्याचा आवाज आसंल त्यात कुठंतरी," ती म्हणाली. पासवर्ड तिला पाठ होता: तिचं नाव साधना, मग ॲट, मग बिल्डरला विकलेल्या रानाचा गट नंबर. "मी इसरलो तर तू सांग," असं दादा तिला म्हणाला होता.

चालू करण्याआधी तिनं लॅपटॉपची पूजा केली. दादा खंडेनवमीला करायचा तशीच, हळद-कुंकू, वर अक्षता. मग मी पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. स्क्रीनवर नुसते ठिपके. काय उमटलं ते दिसतच नाही.

आई ठिपक्यांकडे वाकली. मग म्हणाली, "बदलला व्हय रं त्यानं? मला न सांगता?"

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी नवा शब्द सांगायची. बैलाचं नाव, कुत्र्याचं नाव, दादाला नकार दिलेल्या रावेतच्या मुलीचंसुद्धा. लॅपटॉपनं तिलाही नकार दिला.

आज वैतागून मी लॅपटॉप उलटा करून आपटला. डाव्या शिफ्टच्या बटणाखालून हळद लागलेला तांदळाचा दाणा पडला. म्हणजे मोठं अक्षर उमटत नव्हतं, ॲट उमटत नव्हता, आणि आई पहिल्याच दिवशी बरोबर होती. तिचाच पासवर्ड टाकला. उघडला.

आत बंपर. पुढचे बंपर, मागचे बंपर, एका रिक्षाला ट्रकचा बंपर, तो बहुतेक गंमत म्हणून. सगळं पालथं घातलं. व्हिडिओ नाही, गाणं नाही, साधा खोकला नाही.

मी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "आई, पासवर्ड तुझाच होता गं. बटणाखाली धूळ अडकली होती." धूळच म्हणालो.

"म्हंजी बदलला न्हवता!" तिनं तोंडाला पदर लावला. हसली की रडली, कळलं नाही. मग खुर्ची ओढून बसली. "लाव की मग. बोलू दे त्याला."

"लोड होतंय."

"होऊ दे. मी हाय बसून."

तरी मा. संबंधित अधिकारी, जे कोणी असतील ते, यांस नम्र विनंती, की सदर डिस्कमध्ये कै. रणजीत यांचा आवाज, किमान "आई, डबा झाला का" एवढा, मागील तारखेने समाविष्ट करून मिळावा. अर्जदाराची आई समोर बसलेली आहे.