जे ठिपके उतीचे नव्हते

उतीच्या, म्हणजे आजीच्या, हाताला गुण आहे, हे सगळ्या गल्लीला मान्य होतं. ज्याला नसेल त्याला उती मान्य करायला लावायची. ताप असो की अंगदुखी, तिचं निदान ठरलेलं: अंगात वारा शिरलाय. मग पाठीला तेल चोळायचं आणि जुन्या नाण्याच्या कडेनं घासून लाल पट्टे उठवायचे. पट्टा जितका लाल तितका वारा जबर.

नात वेनिंग तापानं फणफणली, तेव्हा तिची आई दूर सुराबाया शहरात कामाला होती. उतीनं नाणं काढलं. आजोबांनी, म्हणजे कुंगनी, दवाखान्याचं नाव काढलं.

"गल्लीत डासांचा ताप आलाय. दाखवून आणू."

"तुमचा खोकला कुणी घालवला होता?"

"खोकला कंटाळून गेला. पाठ मात्र माझी सोलली."

दोन दिवसांनी सकाळी ताप उतरला. उतीनं ही बातमी शेजारणीपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितली आणि कोंबडी घालून पेज शिजवली. दुपारी पोरीच्या अंगावर बारीक लाल ठिपके उठले, तशी ती आणखी फुशारली.

"बघा, उरलासुरला वारा निघतोय."

वेनिंगनं पेज बाजूला सारली. "उती, पोट दुखतंय." तिनं चूळ भरली, ती गुलाबी आली.

कुंग तिच्या पोटऱ्या चोळत बसले होते. "पाय गार पडलेत. इथंही ठिपके? पाय कधी घासलेस?"

"पाय कशाला घाशीन? वारा पाठीत असतो."

बोलली आणि स्वतःच थबकली. नाणं जिथं फिरलंच नव्हतं, तिथंही पोर लालेलाल होती. कुंगनी स्कूटर काढली, तोवर पोरीला मांडीवर घेऊन उती मागं बसलीही होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी पाठ उघडी केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे सगळं आपोआप उठलंय?"

गल्लीतल्या दोघी बाकावर कान टवकारून होत्या. तरी उती पुढं सरकली.

"पट्टे माझे. ठिपके माझे नाहीत. ताप उतरला म्हणून मीच सकाळपासून घरी ठेवली."

"डेंगीत ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, आजी. रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. बरं झालं सांगितलंत." लगेच सलाईन लागलं.

पुढचे दोन दिवस उती खाटेशेजारून हलली नाही. कुणाशी भांडलीही नाही, त्यामुळे कुंग जास्तच घाबरले. तिसऱ्या दिवशी वेनिंगनं पेज मागितली, अर्धी वाटी संपवली आणि उतीकडे निरखून पाहिलं.

"उती, तुझा चेहरा उतरलाय. वारा शिरलाय तुला. नाणं दे, पाठ कर इकडे."

"घास, चांगली घास," कुंग म्हणाले. "खूप वर्षांचा वारा आहे."

उती निमूट पाठमोरी बसली. मानेवरून नाणं फिरू लागलं.

"जरा हळू गं, दुखतंय," म्हणत तिनं पदरानं डोळे टिपले.

पोरीच्या हातात अजून नाणं नीट धरायचंही बळ आलं नव्हतं.