प्रुइटबाईंच्या कॉलेजात

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वेदवतीला अमेरिकेतल्या कॉलेजचं पत्र आलं आणि त्या दिवसापासून तिचं चित्त घरात राहीना. तांदूळ निवडायला बसायची नि अर्ध्यातून उठायची. कावेरीच्या घाटापर्यंत जायची आणि पायऱ्या न उतरताच परत फिरायची. चित्रपटनिर्मिती शिकण्यासाठी १९५६ च्या सप्टेंबरपासून दोन वर्षांची जागा तिला दिली आहे, असं पत्रात लिहिलं होतं. कुंभकोणमच्या मराठी घरातली मुलगी सिनेमा शिकायला जाणार, हे तिच्या आईला, वेंकटलक्ष्मीला, कोणाला सांगावं की लपवावं तेच कळत नव्हतं.

ही जागा मिळाली मिस अडा प्रुइट यांच्यामुळे. प्रुइटबाई काळ्या अमेरिकन होत्या. अमेरिकेच्या दक्षिणेत निग्रोंचं एक जुनं कॉलेज होतं, तिथे त्या फिल्म करायला शिकवत. आदल्या वर्षी सुईणींवर एक छोटी फिल्म करायला त्या तिरुक्करुगावूरला आल्या. गरोदर बायका तिथल्या देवीच्या दर्शनाला लांबून येतात, म्हणून त्यांनी ते गाव निवडलं. तमिळ इंग्रजीत करून सांगणारी कोणी बाई हवी होती. वेदवती नुकतीच बी.ए. झालेली, घरात रिकामी. ती गेली.

पहिले तीन दिवस प्रुइटबाईंनी कॅमेरा पेटीतून काढलाच नाही. अंजलै नावाच्या सुईणीच्या अंगणात त्या नुसत्या बसून राहत. वेदवतीने कंटाळून विचारलं, "सुरू केव्हा करायचं?"

"ती आपल्याला विसरेल तेव्हा," बाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी अंजलै हात धुवायला बसली तेव्हा त्यांनी कॅमेरा वेदवतीकडेच दिला. काचेतून तिला दिसले ते नुसते दोन हात, कोपरापर्यंत साबण लावलेले, आणि एकेका बोटावरून निथळणारं पाणी. कॅमेऱ्याला दिलेली चावी संपून तो थांबला तरी तिने डोळा काढला नाही.

तिचे वडील नरसिंहराव हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मुलगी अमेरिकेला जाणार हे त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्या गल्लीत सांगितलं. मग पत्रासोबत आलेलं छापील पुस्तक त्यांनी चष्मा लावून पाहिलं. त्यात वर्गांचे फोटो होते.

"सगळे निग्रोच दिसतात."

"त्यांचंच कॉलेज आहे, अप्पा."

"एवढ्या मोठ्या देशात दुसरं मिळालं नाही?"

"मी दुसरीकडे अर्जच केला नाही."

त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. गल्लीत सांगणं बंद झालं. पासपोर्टचे कागद त्यांच्या मेजावर आठ आठ दिवस पडून राहू लागले. वेदवती ते कागद रोज वर काढून ठेवी, आणि संध्याकाळी ते पुन्हा तपासायच्या वह्यांखाली गेलेले असत.

जूनमध्ये कॉलेजचं दुसरं पाकीट आलं. नाव नरसिंहरावांचं होतं, ते शाळेत गेले होते. तिला धीर धरवेना. तिने फोडलं. आत डीनचं पत्र होतं.

"आपल्या मुलीला वसतिगृहाऐवजी गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित गोऱ्या कुटुंबात ठेवता येईल का, असं आपण विचारलं आहे. असं कुटुंब आमच्या ओळखीचं नाही. इथल्या बसस्थानकाला दोन दारं आहेत. आपली मुलगी परदेशी आहे, त्यामुळे गोऱ्यांच्या दारातून जाताना तिला कदाचित कोणी अडवणार नाही. आम्हांला अडवतात. ती इथे आली तर आमच्यात राहील आणि आमच्या मेजावर जेवेल. हे मान्य नसेल तर वेळेवर कळवावं, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला देता येईल."

ती तशीच घराबाहेर पडली. भर दुपारी महामखम तळ्याला तिने तीन फेऱ्या घातल्या. पाय भाजत होते. आपण न जाताच प्रुइटबाईंपुढे उघडे पडलो, हेच डोक्यात फिरत होतं. घरी आली तेव्हा अप्पा परतले होते. तिने पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

"असं का लिहिलंत?"

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "मी बाप आहे. परमुलखात तुला कोणी खालचं समजू नये म्हणून लिहिलं."

"आणि प्रुइटबाईंना आपण काय समजलो? त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा बाहेर तिण्णैवर, ओट्यावर बसवलंत त्यांना. आत या म्हणाला नाहीत."

"तिण्णैवर गोरा कलेक्टरही बसून गेला आहे. परक्याला आपण आत घेत नाही. तो आपला आचार आहे, त्यात काळंगोरं नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "कलेक्टरांचा पेला घासून परत फळीवर ठेवला होता. बाईंचा मी भिकारणीला देऊन टाकला."

नरसिंहरावांनी मान वर केली. "कोणी सांगितलं तुला?"

"ते सांगायला कशाला लागतं?"

 फळीवरचा पेला कमी झाला होता हे वेदवतीनेही पाहिलं होतं, वर्षभरापूर्वीच. तिनेही विचारलं नव्हतं.

"मी जाणार," ती शेवटी म्हणाली. "वसतिगृहातच राहणार. उद्या पासपोर्टच्या कागदांवर सही करा, अप्पा. नाहीतर मी एकटी मद्रासला जाऊन काय ते बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली आणि डीनला उत्तर लिहायला बसले. पोरांच्या निबंधांवर तांबडी रेघ ओढणाऱ्या माणसाला एक वाक्य जमेना. पाच कागद फाडले. सहाव्यावर दोनच ओळी होत्या: मुलीला पाठवतो आहे. माझं आधीचं पत्र नष्ट करावं.

"भाषा ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये ती मुंबईहून बोटीने निघाली. न्यूयॉर्कपासून दोन दिवस बसचा प्रवास झाला. कॉलेजच्या गावी उतरली तेव्हा घसा कोरडा पडला होता, डोळे मिटत होते. समोरचं दार उघडं होतं. ती आत गेली, नळाला तोंड लावून पाणी प्यायली आणि मग भिंतीवरची 'फक्त गोऱ्यांसाठी' ही पाटी वाचली. कोणी अडवलं नव्हतं. बाहेर आली तर इमारतीच्या पलीकडच्या अंगाला प्रुइटबाई वाट पाहत उभ्या होत्या. झालं ते तिने सांगून टाकलं.

"पाणी गार होतं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आमच्या बाजूचं नसतं." एवढं म्हणून त्यांनी तिची ट्रंक एका कडीने उचलली. दुसरी कडी वेदवतीने धरली.

पहिले तीन महिने तिला दुसऱ्यांच्या फिल्मचे तुकडे कापून जोडण्याचंच काम होतं. मग स्वतःची सहा मिनिटांची फिल्म करायची पाळी आली. कॉलेजच्या धुलाईखान्यात काम करणाऱ्या बायका तिने निवडल्या. पहिला प्रयत्न वर्गात दाखवला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "तू उंबऱ्याबाहेर उभी आहेस." तिला राग आला, कारण ते खरं होतं. दुसऱ्या सकाळपासून ती धुलाईखान्यात जाऊन चादरींना इस्त्री करू लागली. दोनदा मनगट भाजलं. महिन्याभराने तिने सगळं पुन्हा चित्रित केलं.

फिल्म कॉलेजच्या प्रार्थनागृहात दाखवली त्या रविवारी धुलाईखान्यातल्या आठही बायका टोप्या घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वेदवतीला बसवेना. मागच्या भिंतीशी ती या पायावरून त्या पायावर होत उभी राहिली. जिथे तिला वाटलं होतं की सगळे गप्प होतील तिथे त्या बायका खदखदून हसल्या, आणि एका साध्या दृश्यावर, जिथे दोघी मिळून ओली चादर पिळत होत्या, एकदम शांत झाल्या.

दिवे लागल्यावर त्यांच्यातली सगळ्यांत वयस्क बाई मागे वळून तिला शोधू लागली.

"पोरी," ती तिथूनच ओरडली, "माझा खांदा एवढा वाकला आहे, हे मला कोणी सांगितलं का नाही?"

वेदवती रांगांमधून वाट काढत पुढे जाऊ लागली.