वावरासाठी आलेलं स्थळ

आमच्या बोरी अरब गावात मुलीसाठी स्थळ पाहायला जायचं असलं की लोक आमच्या यांना, वामनरावांना, सोबत नेतात. हे तिथला फ्रिज नि सोफा पाहत नाहीत. आधी त्या घरच्या विहिरीचं पाणी मागतात, आणि निघताना शेजारी डोकावून येतात. आमची लेक शाल्मली अशीच पाहून दिली. सुखात आहे.

आणि हाच माणूस आमचं नाल्याकाठचं वावर न पाहता न विचारता द्यायला निघाला होता.

नागपूरकडचा एक कारखाना आमच्याकडं, त्याच शेतात यायचा होता. जुने टायर भट्टीत तापवून तेल काढणारा. मालकाचा माणूस विक्की मोठा गोडबोल्या. इथं जमीन स्वस्त, पाणी जवळ, लोक शांत, म्हणून मालकाला हेच गाव आवडलं म्हणे. आमच्या ऋतिकला तिथंच नोकरी देऊ, असंही तो बोलून गेला. पोरगा पुण्याहून परत येणार म्हणून यांनी त्याची खोली स्वतः रंगवली. पाठ धरली, ती मीच शेकली.

भाकरी वाढताना मी म्हटलं, "पोरगी देतानी घर पाह्यलं, मंग वावर देतानी काहून नाही? अन् तो तिथलं बसलेलं बस्तान सोडून आपल्या दारी कायले येऊन राह्यला?"

हे दुसऱ्या दिवशी सकाळी धुवट धोतर नेसून म्हणाले, "चाल."

एसटीनं नागपूरकडच्या त्या गावी गेलो. कारखान्याला कुलूप होतं. शेजारच्या रुखमाबाईनं बसवलं, विकतच्या जारमधलं पाणी दिलं. यांनी सवयीनं विहिरीचं मागितलं. ती म्हणाली, विहीर अंगणातच आहे, पण तिच्या पाण्याला बैलही तोंड लावत नाही. पापड वाळत घातले तर काळे होतात. गावानं खूप तक्रारी केल्या, कोणी ऐकलं नाही. पुढं शहर वाढत आलं, बंगलेवाले राहायला आले, त्यांनी ओरड केली तेव्हा कुलूप लागलं.

आम्ही कुठले ते कळल्यावर तिचा चेहरा उतरला. "आम्ही त्याले हाकललं माय. तो जाते कुठं, हे कोणी नाही इचारलं."

परतताना हे खिडकीबाहेर पाहत बसले. मी यांचा हात धरला. यांनी सोडवला नाही.

विक्की आला तेव्हा त्याला पोहे दिले, चहा दिला. नाकारलेल्या पाहुण्यालाही आम्ही उपाशी पाठवत नाही. मग हे म्हणाले, "पत्रिका नाही जुळत, बापू."

संध्याकाळी ऋतिकला फोन लावला. खोली रंगवली आहे, दिवाळीला ये, एवढंच बोलले. फोन ठेवून बराच वेळ त्या खोलीत बसले. मग धोतर सावरत चपला घालू लागले. आता कुठं, मी विचारलं.

"विक्की आता बाजूच्या गावाले जाईन. त्याहिले सांगून येतो, आधी घर पाहून या म्हणून."