विळखासुराची अकरा चित्रं

मी विळखासुर बोलतोय. हो, तोच. सिनेमात राजकन्येच्या गळ्याला विळखा घालणारा हिरवा राक्षस. शरमेनं मान खाली घालावी म्हटलं, तर मला मानच काढलेली नाही. नुसते काटे, हात आणि तोंड.

माझा जन्म एका खोलीत झाला. तिथं बारा माणसं पडदे ओढून दिवसभर चित्रं काढत. त्यांची दिग्दर्शिका सव्वीस वर्षांची, दूर शिकून परत आलेली. मुलांनी झाडांवर माया करावी, यासाठी तिला सिनेमा काढायचा होता. तिचा खलनायक होता माणसाची हाव. निर्माते म्हणाले, "हावेला गळा दाबता येतो का? मला हातपाय असलेलं काहीतरी दे." आठवडाभर ती भांडली. शेवटी तिनं तडजोड केली. हावरट माणसांनी विष पाजल्यामुळे राक्षस झालेली वेल. पुढे सिनेमाची लांबी कमी करताना ते विष पाजण्याचं दृश्य उडालं. उरलो मी.

मला चाल हवी होती. दिग्दर्शिकेची मावशी शिवणकाम करायची. तिच्या गॅलरीत कुंडीत काकडीची वेल होती, चिंध्यांनी दोरीला बांधलेली. मावशीच्या पाच वर्षांच्या नातीला घरात सगळे बटण म्हणत. ती रोज सकाळी वेलीला पेलाभर पाणी घालायची आणि वेल किती वाढली ते आपल्या फूटपट्टीनं मोजायची. दिग्दर्शिकेनं त्या कुंडीत एक काठी रोवली आणि समोर कॅमेरा लावला.

काकडीच्या वेलीला सुतासारखे ताणे फुटतात. त्यांना डोळे नसतात. आधार सापडेपर्यंत ते हवेत गोल गोल चाचपडत राहतात. दिवसभराचं ते चाचपडणं चार सेकंदांत पळवलं आणि पडद्यावर ती झडप दिसली. खोलीत टाळ्या पडल्या. मला हात मिळाले होते. म्हणजे मी चोरीच्या हातांचा आहे.

टाळ्या वाजवल्या नाहीत फक्त म्हाताऱ्या चित्रकार काकांनी. विळखा बसण्याआधी त्यांनी स्वतःच्या मनानं अकरा चित्रं जास्तीची काढली. माझं टोक गळ्यापाशी पोचतं, थांबतं, जरासं हवेत चाचपडतं. अर्धा सेकंदसुद्धा नाही. दिग्दर्शिका म्हणाली, "काका, इथं जोर जातोय. काढून टाका."

"राहू दे गं. याच्यात तेवढंच खरं आहे."

तिनं डोळे चोळले, घड्याळ बघितलं आणि राहू दिलं.

पहिल्या खेळाला बटण आजीच्या, म्हणजे त्या मावशीच्या, मांडीवर बसली होती. मी आलो तशी मुलं किंचाळली, आणि मी फुशारलो, हे कबूल करतो. बटण किंचाळली नाही. ती आजीच्या कानाशी म्हणाली, "आजी, ही आपली आहे."

सगळ्यांना राक्षस दिसला. तिला आपली वेल दिसली.

पुढचं सगळं दिग्दर्शिकेनं काकांना सांगितलं, माझ्या चित्रासमोर बसून, म्हणून मला ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून बटण गॅलरीचं दार उघडू देईना. आजीनं समजावलं, रागावून पाहिलं, वेलीला हात लावून दाखवला. त्यावर पोरगी जास्तच रडली, कारण आता वेल आजीला धरणार. चौथ्या दिवशी मावशीनं कापडाची कात्री घेतली, जिला ती कधी कागदसुद्धा लागू द्यायची नाही. त्या कात्रीनं तिनं वेल मुळापाशी कापली. वेलीला बोटाएवढ्या दोन काकड्या धरल्या होत्या. भाचीला फोनवर तिनं एवढंच सांगितलं, "काकडी काय, बाजारात मिळते. पोरगी घाबरून बसलीय ते बघवेना."

भाची लॅपटॉप घेऊन धावत गेली. बटणला शेजारी बसवून तिनं वेलीचं मूळ चित्रण लावलं, न पळवलेलं.

"हलत का नाहीये?" बटणनं विचारलं.

"हलतेय. तिचा वेगच एवढा."

"मग गळा कधी धरणार?"

"गळा नको असतो गं तिला. काठी हवी असते. संध्याकाळपर्यंत पोचेल."

"काठी समोरच आहे की."

"तिला दिसत नाही."

हे सांगताना दिग्दर्शिकाच रडायला लागली. बटणला थोड्या वेळानं कंटाळा आला आणि ती खेळायला निघून गेली.

मावशीनं त्याच कुंडीत नवं बी टोचलं. रोप आता वीतभर झालंय. पाणी आजीच घालते, बटण अजून उंबऱ्याच्या आतच उभी राहते. पण परवा सकाळी रोपाशेजारी, मातीत घाईघाईनं खोचलेली, एक फूटपट्टी सापडली. मावशीनं ती काढली नाही. कुणाची म्हणून विचारलंही नाही.

मला असं काही करता येत नाही. माझं चित्र काढून झालंय. आजही चारच्या खेळाला मी येणार, तोच गळा धरणार, आणि कुठल्या तरी घरी कुणीतरी कुंडीजवळ जायला घाबरणार. माझी एकच विनवणी आहे. मी आलो की डोळे मिटू नका. गळ्यापाशी माझं टोक क्षणभर थांबेल, तिथं नीट बघा.

तेवढा क्षण तिथं मी नसतो. ती वेल आधार शोधतेय.