गोणीखालच्या पाली

कुरुंद्याजवळच्या बंजारा तांड्यात शिला माहेरी आली ती दोन कामं घेऊन. कडेवर आठ महिन्यांची पुजा, आणि बॅगेत बारीक बाटल्यांतून स्पिरिट. दूरच्या एका बेटावरच्या पाली मुळात कुठून आल्या, हे तिला पुण्याच्या प्रयोगशाळेत जनुकांवरून शोधायचं होतं. ताडून बघायला इकडच्या पालींची शेपटाची टोकं हवी होती. आठ दिवसांत बारा जमली. बाळंतपणात एक वर्ष गेलं होतं. आता नमुने वेळेत पोचले नाहीत तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं नमुन्यांच्या बाटल्या उचलल्या. एकीतही स्पिरिट नाही, नुसती पिवळीधमक हळद.

"याडी! हे काय केलंस?"

"पालीचं इख असतंय," तिची आई रुख्मिणीबाई म्हणाल्या. "लेकरू रांगून राहिलं घरात. तुझं काम म्हनून फेकलं न्हाई, हळदीत घातलं. हळद इख मारती."

शिलाला रडू कोसळलं. आईवर ओरडावं तर तिनं नातीसाठीच केलेलं. हळद धुऊन निघेल का, याचाही भरवसा नव्हता.

"बस दुपारची हाय ना? मंग रडून काहून राहिलीस? चल."

रुख्मिणीबाईंनी तिला हळदीच्या गोण्यांपाशी नेलं आणि एक गोणी सरकवली. खाली चार पाली!

"माझा आजा बैलावर मीठ लादून न्यायचा. गोणी उतरली की पालबी उतरायची. बेटावर काय गोण्या जात न्हाईत व्हय?"

शिलाचं रडू थांबलं. हे तिला सुचलंच नव्हतं. ती भिंती आणि खडक धुंडाळत बसली होती.

जन्मभर पालीला घाबरणाऱ्या बाईनं डोळे गच्च मिटून ओढणीत पाली धरल्या, शिलानं शेपटाची टोकं कापली. "दुखतंय का गं तिला?"

"थोडंसं. शेपूट परत येतं, याडी."

दुपारपर्यंत बारा झाली. बॅगेत उरलेल्या स्पिरिटात ती बुडवून शिलानं बस गाठली.

दिवाळीच्या आधी तिनं शेजारच्या भावसिंगकाकांकडे फोन लावून आईला बोलावलं. "याडी, बेटावरची पाल अन् आपल्या गोणीतली, कूळ एकच निघालं! माणसांच्या सामानातूनच गेली असणार ती, अन् तेबी अलीकडं. प्रयोगशाळेतल्या सरांनी माझं काम पुढं चालू ठेवलंय."



"एकच कूळ? मंग त्यांच्यात सोयरीक जमायची न्हाई," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "पुजा जेवली का?"