ओला वेत

"परत वाळला," बाबा म्हणाले. त्यांच्या बोटांतली वेताची पट्टी मधोमध तडकली होती.

खुर्ची विणायची तर वेत ओला हवा. घमेल्यातून काढला की थांबायचं नाही. बाबांनी तो काढला, चार घरं विणली आणि मोबाईल हातात घेतला. त्यात कुठल्याशा देशातला एक माणूस एकटाच विहीर खणत होता. त्याच्या विहिरीला पाणी लागेपर्यंत इकडे वेत कोरडा ठणठणीत.

आई गेल्यापासून हे असंच चाललं होतं. वाचनालयाच्या खुर्च्या बुडं फाटलेल्या तशाच भिंतीशी उभ्या होत्या. ग्रंथपाल सकाळी सांगून गेले होते, या आठवड्यात झाल्या नाहीत तर प्लास्टिकच्या आणतो. बाबांकडे दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

मी काही बोलणार, तोच त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "कपाटात टाक. किल्ली तुझ्याकडे. मागितली तरी देऊ नकोस."

"बरं."

"तुझाही टाक. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं नको."

हे आईच्या तोंडचं वाक्य. मी दोन्ही मोबाईल आत ठेवून कुलूप लावलं.

मग घर इतकं गप्प झालं की वेतावरून निथळणारं पाणी ऐकू येऊ लागलं. बाबांचे हात भराभर चालत होते, मान मात्र सारखी कपाटाकडे वळत होती. किल्ली त्यांनी मागितली नाही. तिरकी वीण आली तेव्हा त्यांनी पट्टी ओवली आणि न बघता टोक डावीकडे पुढे केलं. "धर गं."

तिथं आईचं स्टूल होतं. ती टोक ताणून धरायची आणि तिची बडबड चालू असायची. टोक हवेतच राहिलं. बाबांनी ते मागे घेतलं नाही. विहीर खणणारा तो माणूस त्यांना कशाला लागत होता, ते मला कळलं.

मी स्टुलावर जाऊन बसले. पाठीला भिंत, पुढ्यात खुर्ची. एकदा बसलं की उठायला वाट नाही. टोक धरलं.

"घट्ट धर. सैल सोडलंस तर झोळ येतो."

कपाटात माझा मोबाईल थरथरू लागला. ऑफिसचाच असणार, रजा कालच संपली होती. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. बाबांचा हात थबकला.

"घे हवं तर."

"वेत वाळेल," मी म्हटलं आणि टोक आणखी ओढून धरलं.