डेंगळ्याचं बी

"बाई बियाला धरावा, थंडी सोसून बसलेला
नको उतावळा बाई, आधी फुलून हसलेला..."

सासूबाईंचा आवाज तसा घोगरा, पण ओवी धरली की त्याला लय यायची. चैताच्या उन्हात कांद्याच्या फुलांचे वाळके गोंडे चोळता चोळता त्या गायच्या, आणि नवी नवरी कुशाबाई समोर बसून सुपात काळंभोर बी पाखडायची. पहिल्याच हिवाळ्यात जो कांदा पोसायचं सोडून फुलाचा दांडा काढतो तो डेंगळा. त्याचं बी धरायचं नाही. साठवणीच्या चाळीत पावसाळा काढलेला, निवडून ठेवलेला कांदा पुन्हा लावायचा आणि त्याचं धरायचं. कुशाबाईनं तीस वर्षं तसंच केलं. बेल्ह्याच्या बाजारात अनोळखी माणूससुद्धा 'कुशाबाईचं बी कुठं मिळंल' म्हणून विचारायचा.

आणि आता आठ दिवस झाले, कुशाबाई ओढ्याकडून लांबच्या वाटेनं रानात जात होती. जवळची वाट शेजारच्या रतनबाईच्या बांधावरून जायची. त्या बांधावरून एकदा तिनं बघितलं होतं. कांद्याच्या हिरव्या पातीत एक दांडा, पलीकडं चार, आणि पुढं मोजायचं तिनं सोडून दिलं होतं.

रतनबाईचा नवरा नवसू मेंढरामागं फिरून म्हातारा व्हायला आलेला. कळप भावाकडं सोपवून दोन एकरांत स्थिरावला होता, तो पोराच्या, दत्ताच्या, भरवशावर. गेल्या उन्हाळ्यात नवसूनं भावाच्या मेंढ्या चार रात्री कुशाबाईच्या रानात बसवल्या. लेंडीखताचं काय द्यायचं विचारलं तर हसला. "तुमच्या घरचं बी द्या वैनी, झालं."

कुशाबाईनं दिलं.

शुक्रवारी तेजस्विनी घरी आली. कुशाबाईची लेक कृषी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. दत्तानं दारातूनच हाक मारली, "ताई, आमचं रान जरा बघता का? आबा माज्याशी बोलंना झालेत."

तेजस्विनी निघाली. कुशाबाईला घरी थांबायला निमित्त सापडलं नाही. ती मागून गेली.

नवसू बांधावर उकिडवा बसला होता, रतनबाई खुरपं घेऊन उभी. तेजस्विनी वाफ्यात उतरली, दोन झाडं उपटली, दांडा नखानं चिरला.

"ह्यानंच रोप आठ दिस आधी टाकलं," नवसू दत्ताकडं न बघता म्हणाला. "वर यूरिया वतला. फोनात बघून शेती हुती व्हय?"

"काका, लावताना रोप केवढं होतं?"

"पेन्सिलीहून बारीक व्हतं," दत्ता म्हणाला.

"मग रोप जाड झालं नव्हतं, नुसत्या आठ दिवसांच्या घाईनं एवढे डेंगळे येणार नाहीत." तेजस्विनी बांधावर टेकली. "कांद्यात दोन जनुकं आहेत असं समजा. म्हणजे हुकूम देणारी. एक सांगतं, खाली पोस, गड्डा भर. दुसरं सांगतं, वर उठ, फूल काढ. हे दुसरं झोपलेलं असतं. बरेच दिवस थंडी अंगाला लागली की जागं होतं."

"ह्यांचं तर ऊन डोक्यावर आलं तरी जागं हुईना," रतनबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली. दत्ताला हसू आलं. नवसूला आलं नाही.

"थंडी काय आमच्याच रानात पडली व्हय?"

"सगळीकडं पडली. पण एखाद्या वाणाचं जनुक थोड्याशा गारठ्यानंही उठतं. ते वंशातून येतं, बियातून. बी कुठलं होतं?"

कुशाबाईनं तळहात पदराला पुसला.

"बियाला नाव ठिवू नकू पोरी," रतनबाई म्हणाली. "बी तुज्या आयचंच हाय. आन बघ की, तुमचं रान पलीकडंच हाय. एक तरी डेंगळा हाय का त्यात? बी तेच, थंडी तीच. म्हंजी खोट आमच्याच पोरात."

तेजस्विनीनं एकदा आपल्या रानाकडं बघितलं, मग आईकडं. कुशाबाईनं नजर दूर, शिवनेरीच्या बाजूच्या धूसर डोंगरावर नेली.

नवसू गुडघ्यावर हात टेकून उठला. "ऱ्हाऊ द्या. जमीन वाट्यानं कसायला द्यायचं ठरलंय, उद्या गडी येतोय. दत्त्याला भावाच्या मेंढरामागं धाडतो. त्याच्या हाताला शेती न्हाई."

पायाजवळचा एक दांडा दत्तानं उपटला आणि पांढरा गोंडा बोटांनी नुसता कुस्करत राहिला. ह्या पोरानं महिनाभर पाठीवर पंप घेऊन फवारे मारलेले कुशाबाईनं आपल्या बांधावरून पाहिले होते. वाट्याचा गडी एकदा रानात उतरला की पोराला परत कोण बोलावणार?

आणि आपण बोललो, तर तीस वर्षांचं नाव आजच्या आज ह्या वाफ्यात पडणार. रतनबाईच्या तोंडून बाजारात जाणार.

नवसू चालू लागला होता.

"भाऊ, थांबा." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आमच्या रानात माजं बी न्हाई. आमच्या पोरानं, भरतनं, दुकानातनं बियाचं पुडं आणलंत."

रतनबाईनं खुरपं खाली केलं. "म्हंजी?"

"बियाचं कांदं चाळीत सडलं, सगळंच. लावायला ऱ्हायलंच न्हाई. मग गेल्या साली रानात डेंगळं आलं व्हतं, त्यांचं गोंडं मी कापून वाळवलं. तुमी दारात आला, आन माज्याकडं बी न्हाई, हे मला म्हनवलं न्हाई. तुमाला दिलं ते डेंगळ्याचं बी व्हतं, रतन. दत्ताचं काय बी चुकलं न्हाई."